एक पातेलं दुधाचं, एक नारळाचं

पत्र

नमस्कार ताई,

मी कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीत. घरी पोचायला साडेसात होतात. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानं तीन महिने बॉस्टनला होते. तिथल्या थंडीत कामावरून परतताना मी सीफूड चाउडर घ्यायचे. दाट, पांढरं, वर मिरपूड, आत बटाटा आणि मासळी. ते दिवस फार एकटेपणाचे होते आणि त्या वाडग्यानं मला सांभाळलं. आता वाटतं, आठवड्यातून एकदा, बुधवारी, ते आपल्या घरी व्हावं, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनंही खावं.

तीनदा करून पाहिलं. पहिल्यांदा कोळंबीला नेहमीसारखं हळद-मीठ-लिंबू लावून ठेवलं आणि दूध घातल्याबरोबर सगळं फाटलं. दुसऱ्यांदा दूध टिकलं, पण कोळंबी रबरासारखी झाली. तिसऱ्यांदा सगळं जमलं, पण जेवायला पावणेदहा वाजले. लेक वरणभात खाऊन झोपली होती. त्यात सासूबाईंचं म्हणणं, मासे आणि दूध एकत्र खाल्लं की अंगावर कोड येतं. त्या रागवत नाहीत, पण माझ्या ताटाकडे बघत बसतात आणि नातीला खाऊ नको म्हणतात. त्या आमच्याकडेच असतात, साडेआठला जेवतात. मी हा नाद सोडून द्यावा का?

एक सूनबाई, कोथरूड

उत्तर

प्रिय सूनबाई,

नाद सोडू नका. परक्या गावात ज्या वाडग्यानं तुम्हाला सांभाळलं, तो लेकीच्या पुढ्यात ठेवावासा वाटणं हे मला अगदी पटतं. तुमचं तीनदा बिनसलं त्याची तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हींवर उपाय आहे. सासूबाईंच्या बोलण्याला मात्र थोडा जास्त वेळ द्यायला हवा, तो मी देणार आहे.

आधी दुधाचं. तुमचं दूध लिंबानं फाटलं. घरात मासे आले की आपला हात आपोआप हळद-मीठ-लिंबाकडे जातो, कुणी आगळ लावतं, कुणी चिंचेचा कोळ. कालवणासाठी आणि तळणीसाठी ते बरोबरच आहे. पण तीच कोळंबी गरम दुधात गेली की आपण पनीर करताना जे मुद्दाम करतो तेच नकळत होतं. दुधातलं केसीन हे प्रथिन आंबटपणामुळे गोळा होतं आणि दूध जितकं गरम तितका कमी आंबटपणा त्याला पुरतो. अर्ध्या लिंबानं पातेलंभर दूध फाटतं ते असं. तेव्हा चाउडरच्या कोळंबीला नुसतं मीठ चोळा, पाच मिनिटांनी थंड पाण्यानं धुवा आणि निथळू द्या. हळदही नको, रंगासाठी. वासाची भीती वाटत असेल तर पाठीतला काळा दोरा नीट काढा. थोडा वास त्याचाही असतो, नाहीतर मासळी शिळी असते, आणि शिळ्या मासळीला लिंबूही वाचवू शकत नाही.

कोळंबी रबरासारखी झाली कारण ती बटाट्याबरोबर शिजली. बटाट्याला दहा-बारा मिनिटं लागतात, मध्यम आकाराच्या कोळंबीला दोन-तीन. ती सगळ्यात शेवटी घालायची, गॅस बंद करायच्या बेतात. ओळखायची खूण सोपी आहे. चंद्रकोरीसारखी वळली की झाली, बांगडीसारखी आवळली की गेली.

पावणेदहा वाजले त्याचं कारण, रविवारचं काम तुम्ही बुधवारी केलंत. त्याकडे येतेच, पण आधी सासूबाई.

माझ्या माहेरी मासे असले की त्या रात्री आम्हा मुलांना दूध मिळायचं नाही. आई पातेलं झाकून वर फडताळात ठेवायची. एकदा मी चोरून अर्धा पेला प्यायले आणि रात्रभर अंथरुणात हातावरची कातडी चाचपत पडले, डाग उठतोय का बघत. सकाळी काहीच नव्हतं. आईला मी ते कधी सांगितलं नाही. म्हणून सासूबाई तुमच्या ताटाकडे कशा बघत असतील हे मला कळतं. ती नजर काळजीची आहे, टीकेची नाही. नातीला ‘खाऊ नको’ म्हणताना त्या तिला वाचवतायत, निदान त्यांच्या मनात तरी.

आणि ही समजूत त्यांनी मनानं रचलेली नाही. चरकसंहितेत विरुद्ध आहाराच्या उदाहरणांत मासे आणि दूध आहेतच. दूध शीतवीर्य, मासे उष्णवीर्य, म्हणून एकत्र नकोत, असा तो विचार. शेकडो वर्षं घराघरांत पाळला गेलेला नियम एका जेवणात मोडा म्हणणं सोपं नाही. आजचं वैद्यकशास्त्र कोडाबद्दल वेगळं सांगतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की कोड येतं आणि बहुतेक वेळा आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटलेली असते. मासे-दूध खाल्ल्यानं ते होतं असं दिसलेलं नाही. कोड संसर्गानंही होत नाही. हे मी लिहिते आहे कारण आपल्याकडे कोड आलेल्या माणसाला ‘काय खाल्लं होतंस’ असं विचारून वर दोष दिला जातो, आणि तो थांबायला हवा. तुम्ही स्वतः निर्धास्त खा, लेकीलाही द्या. एकच गोष्ट बघा: कोळंबी, खेकडा, तिसऱ्या (शिंपल्या) यांची ॲलर्जी काहींना खरोखर असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घशात खाज सुटली तर ती मासळीची प्रतिक्रिया असू शकते, दुधाची जोडी तिथं निमित्तमात्र. लेकीला पहिल्यांदा देताना चार घास द्या आणि लक्ष ठेवा. श्वासाला त्रास वाटला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

पण हे सगळं सासूबाईंना जेवणाच्या ताटावर समजावून सांगू नका. सत्तरीच्या बाईला बुधवारी रात्री साडेआठला चरक आणि प्रतिकारशक्ती नको असते, गरम जेवण हवं असतं. ते त्यांच्या मनाला पटेल असं देता येतं, आणि तेही चाउडरच असतं.

कसं ते सांगते. चाउडर म्हणजे दुधाचंच, हा समज नंतरचा आहे. हा शब्द फ्रेंच भाषेतल्या ‘शोदिएर’ या, मोठ्या पातेल्याच्या नावावरून आला असावा. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आणि खलाशी जे हाताशी असेल ते एका भांड्यात थर लावून शिजवायचे. १७५१ साली बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात चाउडरची कृती पद्यात छापली होती. त्यात कांदे आहेत, खारवलेलं डुकराचं मांस आहे, मासे, मसाल्याची पानं, भिजवलेली बिस्किटं आणि रेड वाइन आहे. दूध नाही. बटाटाही नाही. दाटपणा येत होता जहाजावरच्या कडक बिस्किटांनी. दूध आणि बटाटा पुढच्या शतकात रुळले, आणि न्यू यॉर्ककडच्या लोकांनी तर दुधाऐवजी टोमॅटो घालून आपलं लाल चाउडर केलं. म्हणजे ज्याच्या किनाऱ्यावर जे होतं ते त्यानं घातलं. आपल्या किनाऱ्यावर नारळ आहे. सासूबाईंच्या पातेल्यात नारळाचं दूध घातलंत तर ती तडजोड नाही, चाउडर जन्मापासून असंच वाढलेलं आहे.

तर बेत असा. पाया एकच करायचा: कांदा, बटाटा, कोळंबीच्या सालांचं पाणी. तो तयार झाला की शेवटच्या दहा मिनिटांत दोन पातेली. मोठ्यात दूध, तुम्हा तिघांसाठी. छोट्यात नारळाचं दूध, सासूबाईंसाठी. हा पाया करताना लोणी घालायचं नाही, तेल घालायचं. त्यांना दूध नको तर लोणीही नकोच असणार, आणि हे त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही सांभाळलेलं असलं की त्यांना ते कळतं.

आता रविवार. पुण्याला समुद्र नाही, घाट ओलांडून बर्फात रात्रभर प्रवास करून मासळी येते, म्हणून सकाळी लवकर जाण्याला इथं फार महत्त्व. गणेश पेठेत जा, कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात जा, नाहीतर तुमच्या भागात ज्या मावशींवर विश्वास आहे त्यांच्याकडे जा. सोललेली कोळंबी पाव किलो हवी असेल तर सालीसकट अर्धा किलोच्या आसपास घ्यावी लागते. मावशी सोलून देतात, फक्त एक आठवणीनं सांगा: ‘डोकी आणि सालं टाकू नका, वेगळ्या पिशवीत द्या.’ त्या थोड्या आश्चर्यानं बघतील. बघू दे.

कारण तुमच्या बॉस्टनच्या वाडग्यात जी खोल चव होती ती क्रीमची नव्हती, पाण्याची होती. बटाटा नळाच्या पाण्यात शिजवून वर कितीही साय ओतली तरी ते बटाट्याचं दूधच लागतं, मासळी त्यात पाहुणी म्हणून येते. ही गोष्ट मला कळायला बरीच वर्षं लागली. त्याआधी मी दर वेळी क्रीमचा आणखी एक पुडा फोडायचे.

घरी आल्यावर सालं-डोकी एकदा धुऊन निथळा. कढईत चमचाभर तेल तापवा आणि त्यात टाका. आच मध्यम. पहिली मिनिटभर ती करडी, ओलसर, नकोशी दिसतात. मग कडेपासून रंग बदलायला लागतो: आधी फिकट गुलाबी, मग सगळी कढई केशरी. तो रंग सालात आधीपासूनच असतो, एका प्रथिनाला बांधलेला, म्हणून कच्च्या कोळंबीत दिसत नाही. उष्णतेनं प्रथिनाची गाठ सुटते आणि रंग तेलात उतरतो. डोकी कालथ्यानं जरा चेपा. भाजलेल्या सोड्यांसारखा (सुकवलेल्या कोळंबीसारखा) वास सुटला की चार वाट्या पाणी, एक तमालपत्र, पाच-सहा मिरे आणि कोथिंबिरीचे देठ घाला. सेलरी मिळाली तर तिची एक काडी, नाही मिळाली तर अडत नाही. बारीक उकळीवर वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. मी एकदा फोनवर बोलत राहिले, तासभर उकळलं आणि पाणी कडू झालं, ओतून द्यावं लागलं. गाळा, गार करा, डब्यात भरून फ्रीझरला टाका. साधारण तीन वाट्या होतं. महिनाभर सहज राहतं, तेव्हा दोन रविवारांची सालं साठली तर एकदमच करा.

कोळंबी आणि मासे प्रत्येक बुधवारपुरते वेगळ्या पिशवीत, एका थरात, हवा काढून फ्रीझरला. मोठा गोळा करून गोठवू नका, तो सुटायला अर्धी रात्र जाते.

मासा कोणता? माझं मत, रावस. त्याचे पदर सुटतात पण भुगा होत नाही आणि दुधात त्याची चव दबत नाही. सुरमई चालेल, मात्र अर्धं मिनिट जास्त झालं की कोरडी लागते. बांगडा नको, त्याचं तेल आणि वास दुधाला सोसत नाही, त्याला तिरफळंच हवीत. बोंबील विरघळून जातील. पापलेट इतका महाग मासा बटाट्यात बुडवायला माझं मन होत नाही. बिनकाट्याचा बासा सगळीकडे मिळतो, पण पाणी सोडतो. नाइलाज असला तरच. काटे काढलेले तुकडे पाव किलो पुरतात. लेक खाणार आहे, तेव्हा तुकड्यांवरून एकदा बोट फिरवून काटा राहिला नाही ना ते पाहा.

तुम्ही तिकडे बहुधा क्लॅम चाउडर खाल्लं असेल. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांचे भाऊबंद. तिसऱ्यांचं चाउडर उत्तम होतं, पण ते सुट्टीच्या दिवशी करा. खारट पाण्यात तास-दोन तास ठेवून वाळू सोडू द्यायची, टिचकी मारून मिटत नाहीत त्या टाकायच्या, थोड्या पाण्यात झाकून वाफ द्यायची, उघडल्या नाहीत त्याही टाकायच्या, आणि सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. हिंजवडीहून आल्यावर हे नको.

बुधवारी सकाळी निघताना पाण्याचा डबा आणि मासळीची पिशवी फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवून जाऊ नका, दिवसभरात खराब होईल. विसरलात तर संध्याकाळी बंद पिशवी गार पाण्यात बुडवा, वीसेक मिनिटांत सुटते. शक्य असेल तर सासूबाईंना दुपारी तीन बटाटे सोलून पाण्यात टाकून ठेवायला सांगा. माझा अनुभव असा की ज्या पातेल्याला हात लागलेला असतो त्याच्याबद्दल माणसाच्या मनात तेढ उरत नाही.

साडेसातला घरी, पावणेआठला ओट्यापाशी. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात एक मोठा कांदा बारीक चिरून. लाल करायचा नाही, फक्त काचेसारखा. चिमूटभर मीठ टाकलं की पाणी सुटतं आणि तो जळत नाही. तिकडे याच टप्प्याला खारवलेलं मांस किंवा बेकन घालतात, धुराची आणि मिठाची चव यायला. तुमच्या घरात चालत असेल तर घाला. मला विचाराल तर मूठभर सोडे धुऊन, तव्यावर कोरडे भाजून, मिक्सरला भरड काढावेत आणि चमचाभर या कांद्यात परतावेत. तेच काम होतं, आणि वास आल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात डोकावतील.

कांद्यावर दीड चमचा मैदा, मिनिटभर परता, कच्चा वास जाईपर्यंत. मैदा नको असेल तर कणीक चालते, रंग थोडा मातकट येतो एवढंच. हे पीठ नुसतं दाटपणासाठी नाही. पिठातला स्टार्च दुधातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, त्यामुळे दूध फाटायचा धोकाही कमी होतो. आता सालांचं पाणी थोडं थोडं घाला, गुठळ्या मोडत. बटाट्याच्या बोटाच्या पेराहून लहान फोडी करा. मोठ्या केल्यात तर तिथंच दहा मिनिटं वाढतात. हवं तर वाटीभर मक्याचे दाणे. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं.

या वेळात कपडे बदला, लेकीच्या वहीवर सही करा, पाव गरम करायला ठेवा.

फोड सुरीनं सहज तुटली की डावाच्या पाठीनं एक तृतीयांश बटाटा पातेल्याच्या कडेला चेपा आणि ढवळा. इथं रस्सा तुमच्या डोळ्यांदेखत दाट होतो, क्रीमचा थेंबही न घालता. मिक्सर लावू नका. बटाटा मिक्सरमध्ये चिकट होतो, खळ केल्यासारखा.

आता चौथा हिस्सा छोट्या पातेल्यात काढा.

मोठ्या पातेल्यात दीड वाटी गरम दूध. म्हशीचं किंवा फुल क्रीम, साय न काढता. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३, आणि तो फरक जिभेला लगेच कळतो. फ्रीजमधलं गार दूध एकदम ओतू नका. वर चमचाभर लोणी. कडेला बुडबुडे दिसले की मासळीचे तुकडे सोडा, दोन मिनिटांनी कोळंबी, आणखी मिनिटभरानं गॅस बंद करून झाकण. पाच मिनिटं झाकण काढायचं नाही. उरलेली मासळी त्या वाफेवरच होते. खदखदून उकळी येऊ दिलीत तर दूधही बिघडेल आणि कोळंबीही. मग दोन-तीन चमचे घरची साय फेटून किंवा पुड्यातलं क्रीम, आणि ताजी कुटलेली मिरपूड. मीठ अगदी शेवटी चाखून, कारण सोडे आणि सालांचं पाणी दोन्हींत ते आधीच आहे. लिंबू घ्यायचंच तर ज्यानं त्यानं आपल्या वाडग्यात, दोन थेंब.

छोट्या पातेल्यात अर्धी वाटी नारळाचं जाड दूध, चिरलेली एक हिरवी मिरची, किसलेलं आलं. नारळ खवायला वेळ नसेल तर पुड्यातलं चालतं, उघडायच्या आधी वरखाली हलवून घ्या. मासळी त्याच पद्धतीनं. नारळाचं दूधही जोरात उकळलं तर तेल सुटून फुटतं, म्हणून इथंही आच बारीकच. पण एक मोकळीक इथं आहे: नारळाच्या दुधात केसीन नसतं, म्हणून आंबट घातल्यानं ते गायी-म्हशीच्या दुधासारखं फाटत नाही. सोलकढी आपण करतोच की. तेव्हा सासूबाईंच्या पातेल्यात गॅस बंद केल्यावर दोन आमसुलं खुशाल टाका. त्यांना ते ओळखीचं वाटेल आणि त्या भातावर घेतील. तुम्ही तिघं पावाबरोबर घ्या. त्या जुन्या खलाशांची कडक बिस्किटं आपल्याकडे मिळत नाहीत, पण बेकरीतली खारी किंवा जिरा बटर वरून चुरून टाका, जवळपास तेच होतं. मुलांना तर तोच भाग आवडतो.

हे सगळं सव्वाआठ-साडेआठला ताटात येतं. पहिल्या बुधवारी दहा मिनिटं जास्त लागतील, धरून चाला.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पण तुमच्याकडे गुरुवार पाळत असतील तर मुळात शुक्रवारी करा, मात्र उरलेलं शनिवारच्या उपासाच्या आड येतं का तेवढं बघा. गरम करताना उकळू नका. दूध घातल्यावर ते गोठवूही नका, बटाटा रवाळ होतो आणि दूध पाणी सोडतं.

जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी समुद्री मासळी कमी आणि महाग. मे महिन्यातली सालं-पाणी साठवून ठेवलं असेल आणि सोडे घरात असतील तर नुसत्या मक्याच्या दाण्यांनीही चाउडर छान भरतं. श्रावणात सोडेही बाजूला ठेवा आणि सालांच्या पाण्याऐवजी मक्याची कणसं दाणे काढल्यावर तोडून उकळा. त्या पाण्याला गोडसर चव येते. त्या महिन्यात सगळं घर एकाच पातेल्यातून जेवेल.

एरवी दोन पातेली, आणि दोन डाव. दुधाचा डाव घाईत सासूबाईंच्या पातेल्यात बुडवू नका. लेकीलाही तसं सांगून ठेवा, वाढायला तीच पुढे येईल.